कान

जैतापूरला बंदर म्हणतो ते आता सवयीनं.
भात्याच्या जागी माझ्याकडे वेल्डिंगचं मशीन,
नांगरांच्या जागी होड्यांचे वाकलेले पंखे,
आणि एका मंगळवारी, दुपारच्या नमाजानंतर,
याकूब सारंगांनी टॉवेलात गुंडाळून आणलेलं
एक पिस्तूल.

"घाबरू नको. मारलंच असेल कुणाला
तर ते तिकडे, अमेरिकेत, दोनशे वर्षांपूर्वी."

अशी चार त्यांच्याकडे.
सदतीस वर्षं बोटीवर. बाकीचे खलाशी आणायचे
सेंट, टेपरेकॉर्डर, बायकोला नायलॉन;
हे बाल्टिमोरच्या गहाणवटीच्या दुकानात
काचेला नाक लावून उभे.
कस्टमवाल्यानं विचारलं, भंगार?
हे म्हणाले, हो.
जन्मात एवढंच एक खोटं बोललो, म्हणतात.

सामानाच्या फळीवर जुना पेपर अंथरून
त्यांनी मला नावं शिकवली.
हा घोडा. ह्याच्या जबड्यात चकमक धरायची.
ही पोलादाची पाटी, घोडा हिच्यावर झेपावतो.
ही रंजकाची वाटी.
आणि हा कान,
नळीला पाडलेलं सुईएवढं भोक,
ह्यातून बाहेरची आग आतल्या दारूला ऐकू जाते.

"पुढे टोप्या निघाल्या. तिकडच्या तुझ्या भाईबंदांनी
गावंच्या गावं चकमकी उपटून टाकल्या,
कान मोठे केले, टोप्या बसवल्या.
जी सुटली ती दुर्मीळ. हे सुटलेलं."
असं म्हणताना त्यांचा अंगठा
मेपलच्या मुठीवरून फिरत होता,
तिथं वाघाच्या अंगासारखे पट्टे.

खाडीचं वारं लोखंड खातं हे मला कुणी सांगायला नको.
ते दर शुक्रवारी नळ्यांना भिरंडेल चोळतात,
तेच, जे त्यांची बायको टाचांच्या भेगांना लावते;
तिची तक्रार आहे, गोळा निम्मा तिकडेच जातो.
निवडणूक लागली की रानडुकरांच्या ठासणीच्या बंदुकांबरोबर
हीसुद्धा चौकीत जमा.
हवालदार पावतीवर लिहितो: शोभेची, नग चार.

माझं काम साधं होतं. पाटीखालची कमान तुटलेली.
आरीच्या जुन्या पात्यातून कापली, तापवली,
तेलात बुडवली, निळी होईस्तोवर पुन्हा शेकली.
बसवण्याआधी भिंग लावलं
आणि कान दिसला.

कानाभोवती दुसरं वर्तुळ.
पितळेच्या आठाण्याहून लहान, केसाएवढी रेघ.
कुणीतरी भोक मोठं केलेलं,
मग कुणीतरी बुजवून, घासून,
मधोमध पुन्हा बारीक पाडलेलं.
हात चांगला होता.
मला जमलं नसतं, हे आधी मनात आलं,
मग बाकीचं.

संध्याकाळी सारंग आले. म्हटलं, कमान झाली.
"आणि?"
आणि काही नाही.
"कान बघितलास ना?"
मी भिंग पुसत बसलो.
"मीही बघितला. विकत घेतल्यावर सतराव्या दिवशी,
सुएझमध्ये, बोट रांगेत उभी असताना."
मग?
"मग काय? समुद्रात टाकू?"

पलीकडे नाट्याचे दिवे लागले होते.
मूळची चकमक कधीच हरवलेली,
इथल्या जांभ्यात ती मिळायची नाही;
सड्यावरून आणलेली गारगोटी मी फोडली,
एक कपचा घोड्याच्या जबड्यात, चामड्याच्या तुकड्यात आवळला.
दारू नाही, गोळी नाही.
शटर खाली ओढलं. बल्ब मालवला.
"ओढ तू," ते म्हणाले. "कमान तुझी."

खट्.
दुसऱ्यांदा खट्.
तिसऱ्यांदा पिवळ्या ठिणग्यांचा एक चिमूटभर सडा
वाटीत पडला आणि विझला,
तेवढ्यात मला त्यांची दाढी दिसली,
त्यांना माझं काय दिसलं कोण जाणे.
मग तो वास. शाळेत असताना
पांघरुणात दोन गारगोट्या आपटून यायचा तोच,
जळल्यासारखा, कशाचंही काही न जळता.

"अजून एकदा," अंधारातून सारंग म्हणाले.