बटणं

मुंढव्याच्या बंद कागद गिरणीत
मला पाठवलं ते झाडं मोजायला.
हातात टॅब, कमरेला टेप,
पिशवीत पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश.
हिरव्या मानांकनाचे एकूण गुण शंभर,
त्यातले सहा माझ्या झाडांचे.

गेटवर लोणकर.
गिरणी बंद पडली तेव्हा कुलूप त्यांनीच लावलेलं,
मग बावीस वर्षं
त्या कुलपाची राखण.
"झाडं मोजायला? मोजा की," म्हणाले,
"पळून कुठं जातायत."

लगद्याच्या हौदात उंबर.
बॉयलरच्या पोटात पिंपळ, वर चढत चढत
चिमणीच्या तोंडातून पानं बाहेर.
चिमणी ठेवायची, तो वारसा.
पिंपळ काढायचा, तो वारशाला धोका.
सुबाभूळ मोजूच नये, असं पत्रकात होतं.
मी पिंपळावर एकशे बेचाळीस घातला,
शेऱ्यात लिहिलं: स्थलांतर.
कुठं, याला रकाना नव्हता.

मग जेसीबी आला.
वरची फूटभर माती जपून ठेवली की दोन गुण,
म्हणून ढीग घातला, ताडपत्री ओढली,
आणि त्या मातीत
बटणं.
शिंपल्याची, हाडाची, पितळी, 
खाकीवरची, झबल्यावरची,
चार भोकांची, दोन भोकांची, भोकंच फुटलेली.
मुठीत घ्यावी माती तर निम्मी बटणं.
जेसीबीवरचा इरफान ओरडला, खजिना!
मग खाली उतरून, एक चावून बघून,
थुंकला.
प्रयोगशाळेचा अहवाल आला:
माती उत्तम. परकीय पदार्थ चार टक्के.

लोणकरांनी केशवनगरहून रिक्षात घालून
गोजराबाईंना आणलं.
त्या ढिगापाशी उकिडव्या बसल्या,
तांदूळ निवडावेत तशी बोटं फिरली.
"आमच्या चिंधीखात्यातली आहेत.
चाळीस बाया होतो. पुढ्यात उभी विळी,
गठ्ठ्यातनं कापड ओढायचं, बटण कापायचं, हुक काढायचा.
बटण राहिलं तर कागदाला भोक,
आणि भोकाचे पैसे आमच्या पगारातनं.
मेलेल्यांची पण कापडं यायची. वासावरनं कळायचं.
खिसे चाचपायचो आधी.
मला एकदा चिठ्ठी घावली.
वाचता कुठं येत होतं?
दिली टाकून हौदात.
झाला असंल तिचा परत कागद."

पाच वर्षांनी पुन्हा गेले, मानांकनाच्या नूतनीकरणाला.
लिफ्टशेजारी सोनेरी पाटी.
सहाशे दहा झाडं, राजमुंद्रीहून ट्रकने आलेली,
प्रत्येकाला टेकू, प्रत्येकाला ठिबक,
आणि मोबाईल धरला तर झाड आपलं नाव सांगतं.
चिमणीला रात्री निळा दिवा असतो म्हणे.
कार्यालय संपूर्ण पेपरलेस,
त्याचा एक गुण जादा.
लोणकरांच्या जागी एक यंत्र, 
त्याला मी तोंड दाखवलं, त्याने मला ओळखलं नाही.

लॉनवर गोजराबाईंची सून, मंगल, खुरपत होती.
सासू गेली, म्हणाली, दोन संक्रांती झाल्या.
पाऊस झाला की अजून वर येतात,
गवत कापायच्या मशीनचं पातं जातं,
मग सायबाची बोलणी.
म्हणून ती वेचते, पाण्याच्या बाटलीत भरते.
बाटली हलवून दाखवली तिने.
घुंगरासारखा नाही, 
किराणा दुकानात साबुदाणा मापतात तसा आवाज.

पत्रकात प्रश्न तेरावा:
मातीत परकीय पदार्थ?
टॅब उन्हात नीट दिसत नव्हता.
हाताची सावली धरली, आणि भरलं:
शून्य.

पलीकडे गवत कापणारा पोरगा थांबला.
मशीन बंद करून वाकला,
काहीतरी उचललं, शर्टाच्या बाहीशी धरून पाहिलं,
खिशात टाकलं,
दोरी ओढून
मशीन पुन्हा सुरू केलं.