निशाणी ६१

वकील विचारतात, हे तुमच्याच कारखान्यातलं, कशावरून?
मी म्हणते, म तिरका आहे.
न्यायाधीश टायपिस्टला सांगतात, घ्या, म तिरका आहे.
टेबलावर निशाणी ६१,
गिअरचं हाउसिंग, अकरा किलो चारशे.
ऑइलचा वास अजून जात नाही.
शिपायानं खाली पेपर अंथरलाय,
कोर्टाचं टेबल खराब होऊ नये म्हणून.

शिरोलीला आमची फाउंड्री.
मी डिस्पॅचला, बावीस वर्षं.
कुठल्या गाडीनं किती नग गेले, कुठल्या हीटचे,
एवढंच माझं लिहिणं.
पॅटर्न गुलाब शिकलगारांचा, सागवानी.
त्या आठवड्यात त्यांच्या अंगठ्याला चार टाके होते,
प सरळ बसला, म कलंडला.
मगदूम मालक म्हणाले, असू दे चाचा,
लोक माल बघणार का अक्षर?

मग कंपनीचं पत्र.
अकराशे चाळीस नग नापास. ब्लो होल.
परत पाठवत नाही, आम्हीच भंगारात काढतो,
भंगाराचा भाव तुमच्या खाती जमा, बाकी तुमच्या नावे.
इंग्रजी इतकं सभ्य
की मालकांनी आभाराचं उत्तर लिहायला घेतलं होतं.

दोन भट्ट्यांची एक झाली.
मोल्डिंगचे सहा जण गेले.
त्यातला दस्तगीर तावडे हॉटेलजवळ उसाचा रस काढतो,
बर्फाचा चुरा करताना हात तसाच फिरतो,
वाळू चाळल्यासारखा.
मी कोऱ्या पानांवर रकाने आखत बसे.
बँकेचा माणूस आमच्याकडे चहा घेईना,
तेव्हा मी खरी घाबरले.

गडहिंग्लजला माझ्या मावसभावाचं गॅरेज.
एकदा त्यानं फोटो पाठवला,
ताई, हे तुमचं न्हवं का गं?
उघडलेला ट्रॅक्टर,
ग्रीसमधून डोकावणारा
तिरका म.
खाली हीट नंबर. मी रजिस्टर काढलं, बोट फिरवलं.
नापासातलाच.
तीन हंगाम नांगरट करून आलेला,
भेग नाही, भोक नाही.

वकीलबाई कुरुंदवाडे म्हणाल्या, एकानं भागणार नाही.
मग दर रविवारी हिंडलो,
चंदगड, निपाणी, मुरगूड,
मेस्त्र्यांना म्हणायचं, अण्णा, तेवढा खालचा भाग पुसा की.
सतरा सापडले.
दाव्याआधी मध्यस्थीला बोलावलं, कंपनी आली नाही.
कोर्ट फी भरायला मालकीणबाईंनी काय मोडलं
ते मी कुठे लिहिलेलं नाही.
माझ्या रजिस्टरात तो रकाना नव्हता.

बाई, शिक्षण?
बारावी.
धातुशास्त्र शिकलात?
नाही.
मग माल चांगला होता हे कुठल्या अधिकारानं सांगता?
मी कुठं सांगते साहेब,
मी नंबर लिहिला फक्त.
चांगला आहे, असं तुम्ही सांगितलंत,
ट्रॅक्टरमध्ये बसवून.

हरकत.
हरकत नोंदवली.
पंखा तेवढा फिरत राहिला.

मधल्या सुट्टीत जिन्याजवळ
त्यांचा एक तरुण माणूस मालकांशी हळू बोलला.
रक्कम बरी होती. अट एकच,
कुठं बोलायचं नाही.
मालक म्हणाले, आणि ते नापास?
ते मागं घेता का, लेखी?
त्याला वर विचारायला लागेल.
तो फोन घेऊन खिडकीकडे गेला,
बराच वेळ तिथेच होता.

शिकलगार चाचा आले होते, कुणी बोलावलं नसताना,
इस्त्रीचा सदरा घालून.
कोर्ट रिकामं बघून टेबलाशी गेले,
चष्मा वर केला,
अंगठा म वर ठेवणार इतक्यात
शिपाई म्हणाला, ओ चाचा,
हात लावू नका.
कोर्टाचं आहे ते.