वळण

मार्कीसच्या टाळूमागे एक भोवरा आहे.
सगळं तिथून सुरू व्हायचं:
पुढे कपाळाकडे, खाली कानांकडे,
मागे मानेकडे.
ब्रश कुठे न्यायचा ते भोवरा सांगतो, आपण नाही,
असं मिस्टर हॉलिस म्हणत
आणि केस जातील त्याच अंगाने
दीड नंबरचं मशीन फिरवत.

मेकनपासून समुद्र अडीच तासांवर.
आम्ही कधी गेलो नव्हतो.
तरी आमच्या घरात एक मुलगा
रोज रात्री लाटा करत बसायचा.

भिंत पातळ. मी पलीकडे.
खर्र, खर्र, खर्र.
रानडुकराच्या केसांचा ब्रश, लाकडी पाठीचा,
शंभर या बाजूला, शंभर त्या.
मी मोजता मोजता झोपायचे
आणि भलत्याच आकड्यावर सकाळ व्हायची.

सहा-सहा आठवडे केस कापायचे नाहीत.
याला ती मुलं लांडगा होणं म्हणतात.
तेव्हा तो बसमध्ये टोपी काढत नसे.
मग मलम, नखावर मावेल इतकंच
(एकदा जास्त झालं, मी म्हटलं, उशी तळून घेऊ का?)
मग गरम पाण्यात पिळलेला टॉवेल,
मग काळा ड्युरॅग, शिवण बाहेरच्या अंगाला,
दोन्ही बंद फिरवून मागे गाठ,
घट्ट, पण कपाळावर रेघ उठणार नाही इतपत.
शाळेच्या पुस्तकांना त्याने कधी
एवढं नीट कव्हर घातलं नाही.

डाव्या कानाच्या वर एक वण आहे.
सायकल मी ढकलली होती. मी सात, तो नऊ.
चार टाके.
लाटा तिथवर येऊन थांबायच्या,
दोन बोटं कोरडं, मग पुन्हा सुरू.
त्या जागेवर तो पन्नास जास्तीचे मारायचा.
मला ऐकू यायचे ते, शंभरानंतरचे.
तेवढे मी कधी मोजले नाहीत.

शेवटी लाटांनीच वाट काढली,
वणाच्या वरून एक, खालून एक,
आणि पलीकडे जाऊन मिळाल्या.
मिस्टर हॉलिसनी मागे आरसा धरला.
दुकानातले तिघे खुर्च्या सोडून आले.
एक म्हणाला, पोरा, बघूनच मला बोट लागली.
ही शाबासकी असते.
आई म्हणाली, अठरा वर्षं याला वळण लावतेय,
लागलं ते केसांना.

मग तो नौदलात गेला.
पहिल्याच दिवशी, रांगेत, खुर्चीवर,
चाळीस सेकंद.
फोनवर बोलायला मिळाले तेही तेवढेच.
मी विचारलं, जेवण कसं आहे?
तो म्हणाला, वण दिसतो गं सगळ्यांना.
मग म्हणाला, मी सांगितलं, बहिणीने दिलाय.
मागे कोणीतरी ओरडलं.

दाराच्या मुठीवर ड्युरॅग आहे अजून.
भिंतीपलीकडे काही नाही.
काल झोप येईना, म्हणून मी त्याच्या खोलीत
त्याच्या ब्रशने आईचा लोकरी कोट घासत बसले.
कोटाला भोवरा नाही,
कुठूनही सुरू करता येतं, वाईट म्हणजे तेच.
ऐंशीपर्यंत आले असेन,
आई झोपेतच पलीकडून म्हणाली,
पुरे आता, मार्कीस. दिवा घालव.

घालवला.