मार्जिन एक इंच

फेब्रुवारी संपला की कपाटावरचं बोचकं खाली काढते.
सुतळी सुटली की आधी डांबरगोळीचा वास,
मग जुन्या शाईचा,
मग कागद आपापले उलगडायला लागतात
कडा वर करून, उन्हातल्या पापडांसारखे.

वडगावात आमच्या गल्लीतले माग सकाळी सहाला सुरू होतात,
त्यांच्या खटखटीवर एकतीस वर्षं माझी कात्री चालते.
बेळगावात पूर्वी पंखा लागत नसे,
हे इथे ज्याला त्याला सांगायचं असतं.
आता लागतो. लावला की कागद उडतात.
म्हणून एकावर इस्त्री, एकावर वरवंटा,
एकावर बॉबिनचा डबा,
आणि अंब्रेलाच्या कळीवर मांजर,
ते मात्र मी ठेवलेलं नाही.

हा प्रिन्सेस कट वैजयंती हुंदरेच्या साखरपुड्याचा,
कंबर सव्वीस.
हुबळीहून आली की म्हणते, फाडून टाक तो कागद.
मी टाकत नाही.
त्याची तरी सव्वीस राहू दे.

हा रॅग्लन बाहीचा, खानापूरच्या मास्तरीणबाईंचा.
डावा खांदा अर्धा इंच खाली,
पर्स कायम त्याच खांद्याला.
हे त्यांना आणि मला, दोघींनाच माहीत.

आणि हा साधा ए-लाइन,
पुढचा भाग मराठी पेपरचा, पाठ कन्नड पेपरची.
बघणारे यात काय काय शोधतात.
त्या महिन्यात रद्दी तशी मिळाली, एवढंच.
छातीवर कुणाचा तरी तेरावा,
नितंबावर बोअरवेलची जाहिरात.

यंदा तीन शिवायचे. माझ्यासाठी.
खडे बाजारातून मलमल आणून झाली,
कैरी चिरल्यावर आत दिसतो तो रंग,
कटपीसवाल्याने पाव मीटर वर घातली
आणि उपकार केल्यासारखं बघितलं.

बाही कुठली?
बिनबाह्यांचा केला तर दंडावरची देवीची खूण दिसेल.
दिसू दे.
नको, कोपरापर्यंत.
कोपरापर्यंत तर आयुष्यभर घातल्या.
गिऱ्हाइकाला एका वाक्यात सांगते मी
तुम्हाला काय शोभेल ते,
आणि इथे अर्धा तास कागदाच्या बाह्या
स्वतःच्या दंडाला लावून बघतेय
आरशाकडे तोंड, दाराला कडी.

मापांच्या नऊ वह्या झाल्या. माझं माप एकीतही नाही.
उरल्यासुरल्या कापडातून
अंदाजाने बेतत आले मी स्वतःला.

शेवटी कडी काढली, शेजारच्या मल्लव्वाला हाक मारली.
हातचं पीठ पदराला पुसत आली, टेप धरली.
‘उसिरु बिडु,’ म्हणाली,
मग माझ्या भाषेत,
‘सोड की गे श्वास,
पोट आत ओढून कुणाला फशिवतीस?’
सोडला.
‘नलवत्तेरडु.’
मी बेचाळीस लिहिले.
छाती, कंबर, मुंढा, ती कन्नडात सांगत गेली,
मी मराठीत उतरवत गेले,
आकडा कुठेच सांडला नाही.

खांद्याशी मात्र थांबली.
पुन्हा मोजला. पुन्हा.
उजवा खाली आहे, म्हणाली. पाऊण इंच.

अख्ख्या गल्लीच्या पाठी मला पाठ आहेत.
कुणाला पोक, कुणाचा एक खुबा वर,
चालताना बघूनच कळतं.
आणि हा पाऊण इंच
माझ्याबरोबर रोज मशीनवर बसत होता.

मास्तरीणबाईंचा रॅग्लन वरवंट्याखालून ओढला,
उलटा ठेवला.
त्यांचा डावा माझा उजवा झाला.
अर्ध्या इंचाला वर पाव इंच खडूने वाढवला.
ए-लाइनला खिसे, दोन्हीकडे, तळहात बुडेल इतके.
उजव्यात खडू. डाव्याचं अजून ठरलं नाही.
बाही नाही.

गिऱ्हाइकाला मार्जिन अर्धा इंच सोडते,
इथे एक सोडला.
पुढच्या उन्हाळ्यात काय होईल, कुणी सांगावं.

वहीच्या कोऱ्या पानावर नाव लिहायचं राहिलंय.
मल्लव्वा चहाला थांबली आहे.
अंब्रेलावरचं मांजर उठत नाही,
तोवर हे दोन कापून घेते.