कोनशिला

जिंतूर रोडला माझं दुकान आहे, पत्र्याचं.
शहाबादी, कडप्पा, पैसे असले तर ग्रॅनाइट.
मेलेल्यांची नावं मी कोरतो
आणि निवडून आलेल्यांची.
मेलेल्यांच्या घरचे अक्षरागणिक भाव करतात.
निवडून आलेले करत नाहीत,
त्यांचं बिल ठेकेदार देतो.

धामणटाकळीच्या पाण्याच्या टाकीचा दगड माझाच.
सभापती विक्रमराव टेकाळे यांच्या शुभहस्ते.
त्या शुभहस्तेतला अर्धा स जरा खोल गेलाय,
छिन्नी घसरली होती.
कुणाच्या ध्यानात आलं नाही.

टाकी पडली तिसऱ्या वर्षी, मार्चात,
नळ सुटायच्या वेळेला.
खाली सोजर गव्हाळे, आफरीन,
आणि आफरीनची धाकटी,
जिच्या हातात घागरसुद्धा नव्हती,
नुसती सोबत आली होती.
दगड मात्र उभाच. ओरखडा नाही.
त्याच्या बुडचं सिमेंट मी कालवलं होतं,
एकाला चार, वाळू चाळून.

टेकाळे आले, पारावर बसले, रडले.
खरंच रडले. मी जवळून बघितलं.
म्हणून तर सगळं अवघड झालं.
रडणाऱ्या माणसाला कोण विचारणार
सळई किती एमएमची होती?
जाणती माणसं म्हणाली, जाऊ द्या, आपलाच माणूस आहे.
इंजिनिअरची बदली झाली.
फाइल परभणीला गेली, तिथून वर,
आणि वर म्हणजे कुठं, ते कुणी सांगेना.

सोजरची मावशी तेवढी बोलली,
म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात.
मग थांबली.
म्हणाली, पण ह्यातली एकबी म्हातारी नव्हती रे.

दोन वर्षांनी ठेकेदार पुन्हा दुकानात.
शाळेच्या चार खोल्या, दगड एक,
नाव तेच, फक्त सभापती खोडून अध्यक्ष.
ह्याच माणसानं टाकीच्या वेळी
इथंच, ह्याच स्टुलावर बसून सांगितलं होतं,
सोळाच्या जागी बाराची घातलीय, झोप लागत नाही.
चहाचा कप हातात थरथरत होता त्याचा.
ह्या वेळी विचारलं, सळई किती?
हसला. बशीत चहा ओतला, फुंकर मारली.
म्हणाला, त्या वेळी काय झालं, ते आता होईल?

त्या रात्री झोप मला लागली नाही.

लोक म्हणतात, सूड कशाला उगवतो.
सूड नाही हो. टेकाळ्यांचं वय झालं,
त्यांची त्यांना लखलाभ.
मला त्यांच्या मागं उभा असलेला पोरगा दिसतो,
पांढरा शर्ट, कडक इस्त्री, पुढच्या वेळी उभा राहणारा.
तो काही बोलत नाही.
नुसता बघतोय, ह्यांचं काय होतं.

मग मी आणि सोजरचा बाप,
पहारीनं दगड उपटला.
निघता निघेना.
माझंच काम, मलाच शिव्या दिल्या.
टेम्पोत घालून परभणी, कलेक्टर हाफिस.
आवक-जावकचा बाबू म्हणाला, कागद आणा.
म्हटलं, कागद तुमच्याकडंच होते.
भिजले, म्हणाला.
म्हटलं, हा भिजत नाही. वाचा.
नाव आहे, हुद्दा आहे, तारीख आहे,
खाली बारीक अक्षरात ठेकेदारसुद्धा आहे.

दगडाची नोंद कशी करू, म्हणाला.
गव्हाळे तोवर गप्प होते. ते म्हणाले,
लिहा. दगड, एक नग.

बाबूनं बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप केलं.
मग लिहिलं.
शिक्का मारायला गेला तर ग्रॅनाइटवर शाई धरेना,
दोनदा मारला, पुसला गेला.
शेवटी टेम्पोच्या भाड्याच्या पावतीमागं पोच दिली.

सुनावणी चौदा तारखेला आहे.
लागेल की पुढं ढकलतील, माहीत नाही.
शाळेचा दगड दुकानात तसाच उभा आहे,
वरती श्री गणेशाय नमः, खाली मोकळा.
ठेकेदार रोज फोन करतो.
पोरं अजून लिंबाखाली बसतात,
ऊन सरकलं की तीही सरकतात.