विषय नाही

एक हजार आठशे बेचाळीस.
सकाळी संगणक उघडला की आधी हा आकडा दिसतो,
मग खिडकीतून विट्याचं बसस्थानक.

माझी खोली म्हणजे पूर्वीचं क्रीडासाहित्य.
कोपऱ्यात अजून दोन भाले उभे आहेत.
दारावर पाटी, समुपदेशन कक्ष,
आणि खाली खडूनं कुणीतरी: येडे आत जावा.
मी ते पुसत नाही.
ते वाचून हसत हसत आत आलं
तर पोराला रडायला सोपं जातं.

मेल येतात.
तात्काळ. अतितात्काळ. स्मरणपत्र क्रमांक तीन.
तणावमुक्ती सप्ताह साजरा केल्याचे फोटो आजच,
किमान पाच, मुलं हसरी असावीत.
माहिती निरंक असल्यास
निरंक असे कळवावे.
मी कळवते निरंक,
आणि माझ्या निरंकाची पोच येऊन बसते
ठळक अक्षरांत, न वाचलेली.

पालकांची तऱ्हा वेगळी.
आमचा अर्धा तालुका परमुलखात गलाई करतो,
इरोड, कटक, सिलिगुडी.
दुकानाचं शटर ओढून, भट्टी निवताना
एक भिंगारदेवे अंगठ्यानं लिहितात:
पोरगं फोनवर बोलत नाही. नुसतं हूं म्हणतं.
आपण जरा बघाल का.
मी दिवाळीला येतो.
हे जुलैचं.
माझं उत्तर मसुद्यांत आहे,
आदरणीय पालक, स्वल्पविराम, इथपर्यंत.

म्हेत्रे क्लार्क म्हणाले, मॅडम, सोप्पं हाय,
सगळं निवडा, वाचलं म्हणा, विषय संपला.
मी त्याऐवजी कप्पे केले.
तालुका. जिल्हा. पालक. दहावी. नंतर बघू.
नंतर बघू सगळ्यात आधी भरला.

शनिवारी शाळा सुटल्यावर बसले उपसत.
या गावात झाडलोटीलाही भाव असतो,
सराफाच्या पेढीवरची धूळ पोत्यानं विकत घेतात, जाळतात, धुतात,
घेताना कुणाला ठाऊक नसतं तळाशी काय निघेल,
किंवा निघेल की नाही.

बत्तिसाव्या पानावर एक ओळ लागली.
विषय नाही.
प्रज्योत भिंगारदेवे, नववी ब.
रात्रीचे दोन अकरा, एकोणीस दिवसांपूर्वी.
मॅडम तुम्ही उद्या आहात का
प्रश्नचिन्ह नव्हतं.

होते रे.
त्या दिवशी मी शाळेतच होते,
फोटो काढत होते, किमान पाच.

सोमवारी बोलावलं. आला.
केस विंचरलेले, नखं खाल्लेली.
ते झालं मॅडम, म्हणाला.
काय झालं?
काय नाही. झोप येत नव्हती.
मग बराच वेळ कोपऱ्याकडे बघून,
हे खरे आहेत?
उचलून बघ, म्हटलं.
त्यानं भाला उचलला, तळहातावर तोलला,
आणि परत ठेवताना
टोक भिंतीकडे वळवलं.
पप्पांनी पण मेल केलाय ना तुम्हाला?
केलाय. तीन.
त्यांना उत्तर दिलं?
मी मान हलवली, नाही.
तो पहिल्यांदा थोडा सैलावला.
मला वाटलं, म्हणाला, फक्त मलाच येत नाही.

आज आकडा एक हजार नऊशे सहा.
स्मरणपत्र क्रमांक चार आलंय,
त्यात माझ्या विलंबाची गांभीर्यानं नोंद घेतलीय.
घेऊ देत.
मी आता आधी शोधाच्या चौकटीत
दोन शब्द टाकते, विषय नाही.
आज तीन निघाले.
एक बँकेचं.
एक कोरं, कुणाच्या तरी खिशातून आपोआप गेलेलं,
तरी मी विचारलं, कोण?
आणि एक आठवी क मधून, आत्ताचं:
तुमच्या खोलीचं दार आतून लागतं का

लागतं, लिहिते.
कडी जरा वर उचलावी लागते.