डबल बेल

सकाळचे सात दहा.
गोळी पोटात गेली आहे, हातात अजून उतरलेली नाही.
समोर कप. त्याचा कान मंदाकिनीने
माझ्याकडे वळवून ठेवलाय.
अंतर एक वीत. फार तर सव्वा.

एकोणतीस वर्षं पीएमटीत काढली,
बहुतेक सगळी कात्रज–शिवाजीनगर.
डाव्या हातात तिकिटांची पेटी, उजव्यात पंच,
खांदा दांडीला टेकलेला,
आणि बोटं चामडी पिशवीत न बघता
चाराणे वेगळे, आठाणे वेगळे काढायची.
पद्मावतीच्या उतारावर खोपडे ब्रेक मारायचा,
अख्खी बस पुढे जायची,
मी नाही.

आता हाताला सांगतो, चल.
ऐकतो तो. ऐकून बसून राहतो,
डबल बेल मिळाली नाही म्हणून
थांब्यावर उभ्या गाडीसारखा,
इंजिन मात्र थरथरत असतं.

मग निघतो एकदाचा.
पूर्वी हात निघाला की बोटंही निघायची,
वाटेतच उघडायची,
पेल्याला पेल्याएवढी, टाचणीला टाचणीएवढी,
कुणी शिकवलं नव्हतं.
आता हात आधी पोचतो.
थांबतो.
मग बोटांना आठवतं, आपल्याला उघडायचं होतं.
उघडतात तीही हात राखून.
आणि एकदा धरलं की असं धरतात
की कागदी कप असेल तर चेमटतो
आणि चहा मनगटावरून बाहीत.

परवा धनकवडीच्या डेअरीत
अर्धा लिटर दुधाचे पैसे द्यायला खिशात हात घातला.
नाणं सापडलं. चिमटीत येईना.
मागे सात-आठ माणसं.
एक पोरगा म्हणाला, काका, स्कॅन करा ना सरळ.
चांगला होता बिचारा.
मला आठवत होतं
मी किती जणांवर ओरडलो असेन, सुट्टे काढून ठेवा, सुट्टे!
त्यांतल्या किती जणांचे हात
तेव्हा खिशातच अडकलेले असतील.

शनिवारी ओट्यावरून लिंबू घरंगळलं.
मी मोरीशी उभा.
लिंबू खाली पडलं नाही.
माझ्या मुठीत होतं.
कधी हात गेला, मलाच कळलं नाही.
मंदाकिनी बघत राहिली,
लिंबाकडे, मग माझ्याकडे.
"म्हणजे येतं तुम्हाला," म्हणाली.
एवढंच. पण त्या दिवशी
शर्टाची बटणं मी एकटाच लावत बसलो,
जेवण निवेस्तोवर.

फिजिओवाली रुईकरांची मुलगी, तिला सांगितलं.
ती हसली. म्हणाली, काका, होतं असं.
हलती वस्तू हाताला स्वतः बोलावून घेते,
स्थिर वस्तूकडे मात्र तुम्हाला निघावं लागतं,
आणि तुमचं अडतंय ते निघण्यातच.
म्हणजे पुढचं दार जाम आहे,
मागच्या दाराने गर्दी चढतेय अजून.
हे मी मनात म्हणालो. तिला काय कळणार,
तिच्या जन्माआधीच्या गाड्या त्या.
घरी येऊन मंदाकिनीलाही सगळं सांगितलं.
ती भाजी निवडत होती. काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून
गोळ्यांची डबी ती माझ्यासमोर ठेवत नाही,
टेबलाच्या त्या टोकावरून सोडते, घसरत.
चष्मा तसाच. काल काकडीसुद्धा.
नातू ओजसला वाटतं आजी-आजोबा
कसलातरी खेळ खेळतात.

चहा काही घसरत सोडता येत नाही.
म्हणून आज बघतो तर
कपाच्या कानावर टिकली.
तिचीच, मरून, आरशावर चिकटवलेल्यांतली.
डोळे तिथे लावले.
जिभेने टाळूवर दोनदा वाजवलं, टक टक.
गाडी हलली.

टिकलीला बोट लागलं. मग दुसरं.
वाटेत दोन ठिकाणी खड्डे, थोडं टेबलक्लॉथवर सांडलं,
ओठांशी आणला तेव्हा
चहावर साय धरलेली.
"गरम करून आणू? द्या इकडे," म्हणाली.
नको, म्हटलं.
आत्ताच धरलाय.
सोडायला परत तेवढाच वेळ लागेल.